इलेक्ट्रिक स्कूटर किंवा ई-बाईक घेताय? पैसे देण्याआधी हे बघून घ्या

"लायसन नको, पासिंग नको, हेल्मेट पण नको, बिनधास्त चालवा." इलेक्ट्रिक गाड्यांच्या छोट्या दुकानात पाय ठेवला की पहिलं हेच ऐकायला मिळतं. काही गाड्यांच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं असतं आणि बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत साफ खोटं, आणि गंमत म्हणजे दिसायला दोन्ही गाड्या सारख्याच, तीच सीट, तसाच हेडलाईट, तसाच डिस्प्ले. आमच्या घरी दोन्ही प्रकार आहेत, बाबांसाठी कमी स्पीडची आणि माझी हिरव्या नंबर प्लेटची, त्यामुळे दोन्हीकडची कागदपत्रं हातून गेलीत. नवीन माणसाचा जिथे गोंधळ होतो ते सगळं क्रमाने लिहितोय. नियम भारतातले आहेत, आणि जिथे महाराष्ट्राचं वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

१. गाडी कुठल्या खान्यात बसते ते आधी ठरवा

बाकी सगळं, म्हणजे लायसन्स, पासिंग, इन्शुरन्स, हेल्मेट, या एका गोष्टीवर अवलंबून आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या दिलीय आणि त्यातच सूट पण दिलीय. दुचाकीची मोटर २५० वॅटच्या आत, जास्तीत जास्त स्पीड ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, असं असेल तर कायद्याच्या नजरेत ती 'मोटार वाहन' नाहीच. शिवाय ब्रेक नीट हवेत आणि रिफ्लेक्टर हवेत, पुढे पांढरा, मागे लाल.

पॅडल मारायची ई-सायकल असेल तर तिला अजून एक अट आहे, मोटरचा जोर स्पीड वाढेल तसा कमी होत गेला पाहिजे आणि २५ ला, किंवा तुम्ही पॅडल थांबवलं की त्याआधीच, बंद झाला पाहिजे.

इथे दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. पहिली, या अटी सगळ्याच्या सगळ्या लागतात. स्पीड २५ आहे पण मोटर ५०० वॅटची आहे तर सूट गेली. मोटर २५० ची आहे पण गाडी ४० ने पळते, तरी सूट गेली. दुसरी गोष्ट म्हणजे हे २५० वॅट कुठले? नियमात जो आकडा आहे तो मोटर सलग ३० मिनिटं देऊ शकते त्या पॉवरचा आहे, चढावर क्षणभर जो जोर लागतो त्याचा नाही. त्यामुळे जाहिरातीत 'पीक पॉवर' म्हणून मोठा आकडा दिसला म्हणून गाडी लगेच बेकायदेशीर होत नाही, आणि उलट बाजूने, चाकावर २५० चा स्टिकर चिकटवलाय म्हणून ती कायदेशीरही होत नाही. स्टिकर काय, कुणीही छापतं.

या अटींमध्ये जी गाडी बसत नाही ती सरळ मोटार वाहन. पेट्रोलच्या स्कूटरला जे लागतं ते तिला जवळपास सगळं लागतं. मध्ये तिसरा खाना नाही. उभं राहून चालवायच्या त्या घडीच्या स्कूटर मिळतात ना, त्यांच्यासाठीही वेगळा खाना नाही, तीच फूटपट्टी लावायची, आणि बाहेरून मागवलेल्या बऱ्याचशा ३५० किंवा ५०० वॅटच्या असतात म्हणजे रस्त्यावर आणल्या की अडचण. सोसायटीच्या आवारात चालवा हवं तर.

२. सर्टिफिकेट मागा, आणि ते वाचा

सूट आपोआप मिळत नाही. सरकारने नेमलेल्या टेस्टिंग एजन्सीने तो मॉडेल तपासून 'या अटींमध्ये बसतो' असं लिहून द्यावं लागतं. पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट, अशा मोजक्याच संस्था आहेत. डीलरकडे त्याची कॉपी असायलाच हवी. मागितल्यावर जो डीलर "अहो सगळ्या गाड्यांना असतंच ते" म्हणून विषय बदलतो तिथून मी तरी सरळ उठून येईन.

कॉपी हातात आली की एवढं बघा:

- मॉडेलचं नाव आणि व्हेरिएंट. कंपनीच्या एका गाडीचं सर्टिफिकेट दाखवून दुसरी विकणं हा नेहमीचा खेळ आहे, नावात शेवटी एक अक्षर वाढलेलं असतं आणि ती गाडीच वेगळी असते.
- मोटरची पॉवर, स्पीड आणि वजन, तिन्ही आकडे.
- बॅटरी कुठली तपासली होती. लेड ॲसिडवर पास झालेली गाडी तुम्हाला मोठ्या लिथियम बॅटरीवर देतायत का?
- कुठल्या एजन्सीचं आहे. कंपनीच्या स्वतःच्या लेटरहेडवर 'आरटीओ एक्झेम्प्ट' असं छापलेलं पत्र म्हणजे सर्टिफिकेट नाही.

कॉपीचा फोटो नको, चांगली झेरॉक्स घ्या, बिलावर तोच मॉडेल आणि चासी नंबर लिहून घ्या. ही दोन कागदं कायम गाडीत ठेवायची. रस्त्यात अडवलं तर कमी स्पीडच्या गाडीवाल्याकडे दाखवायला दुसरं काहीच नसतं.

३. सीटखालच्या त्या वायरचं काय करायचं

यावर जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

सीट उचलली, बॅटरी बाजूला केली की खाली ॲल्युमिनियमचा एक चपटा डबा दिसतो, तो कंट्रोलर. त्यातून वायरींचा जुडगा बाहेर येतो आणि बऱ्याच कंट्रोलरमध्ये त्या जुडग्यात एक बारीक वायर गोल फिरून परत त्यातच गेलेली असते, मध्ये छोटासा प्लग. तो प्लग लावलेला असेपर्यंत स्पीड बांधलेला, काढला की सुटला. पंचवीसची गाडी चाळीसच्या पुढे पळायला लागते. दुकानदार सांगताना आवाज खाली आणून सांगतो, "घरी गेल्यावर हा काढून टाका, कोण बघतंय." काही गाड्यांना वायर नसते, हँडलवर तीन स्पीडचं बटण असतं आणि तिसऱ्यावर टाकलं की तेच काम होतं.

आता ज्या क्षणी तो प्लग निघाला त्या क्षणी काय झालं बघा. एजन्सीने जी गाडी पास केली ती ही राहिली नाही, म्हणजे सूट गेली, म्हणजे गाडी मोटार वाहन झाली, आणि तुमच्याकडे ना आरसी, ना इन्शुरन्स, ना नंबर प्लेट, आणि कदाचित लायसन्सही नाही. एका प्लगमुळे चार गुन्हे. विना नोंदणी गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्यात पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे, लायसन्स नसेल तर ५,०००, इन्शुरन्स नसेल तर २,००० आणि वर तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. गाडी जप्त होऊ शकते ते वेगळंच. (जागेवर भरायची तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं, त्यामुळे पावतीवरचा आकडा कमी असू शकतो.) २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात परिवहन विभागाने अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती, तेव्हापासून "कोण बघतंय" याला उत्तर आहे.

डिलिव्हरी घेताना स्वतः तपासून घ्या. गाडी मेन स्टँडवर लावून ॲक्सिलरेटर पिळून बघू नका, चाक हवेत मोकळं फिरतं आणि डिस्प्लेवर काहीही आकडा येतो, त्यावरून भांडण करून उपयोग नाही. बॅटरी फुल चार्ज असताना सपाट रस्त्यावर जा आणि मोबाईलच्या जीपीएसवर स्पीड बघा. बॅटरी उतरलेली असेल तर स्पीड तसाही कमीच दिसतो, काही जण मुद्दाम तशीच गाडी ट्रायलला देतात.

४. लायसन्स

कमी स्पीडच्या सूट असलेल्या गाडीला नको. बाकी सगळ्यांना हवं. इलेक्ट्रिक स्कूटरसाठी 'विना गिअर मोटारसायकल' हा प्रकार चालतो, गिअरच्या मोटारसायकलचं आधीच असेल तर वेगळं काढायची गरज नाही.

पण कारचं लायसन्स असेल तर? नाही चालत. वीस वर्षं कार चालवणारे काका सुद्धा इथे फसतात, कार्डावर फक्त एलएमव्ही (म्हणजे हलकं मोटार वाहन, कार वगैरे) लिहिलं असेल तर दुचाकीच्या बाबतीत ते विनालायसन्सच. खिशातलं कार्ड आत्ताच काढून बघा, दुचाकीचा प्रकार त्यावर आहे का.

नवीन काढायचं असेल तर परिवहनच्या सारथी पोर्टलवरून लर्निंगचा अर्ज. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, तब्येतीचं स्वतःचं घोषणापत्र म्हणजे फॉर्म १, आणि वय ४० च्या वर असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट फॉर्म १ए. आधार जोडून अर्ज केला तर लर्निंगची परीक्षा घरी बसून देता येते. लर्निंग सहा महिने चालतं, ३० दिवस झाले की पक्क्याची टेस्ट. मधल्या काळात पुढेमागे लाल 'एल' लावायचा आणि शिकवणारा सोडून कुणालाही डबल सीट घ्यायचं नाही. हे शेवटचं तर कुणालाच माहीत नसतं.

एजंट लागत नाही. खरंच लागत नाही.

५. पासिंग आणि हिरवी प्लेट

नवीन गाडीचं पासिंग डीलरच करतो, तुम्ही कागद द्यायचे:

- आधार किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा, पॅन, फोटो
- फॉर्म २० (नोंदणीचा अर्ज), यावर सही तुमची
- फॉर्म २१ (विक्रीचं सर्टिफिकेट) आणि फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं कंपनीचं), हे दोन्ही डीलर देतो
- इन्शुरन्सची कॉपी
- लोन असेल तर बँकेचे कागद

अर्जावरचं स्पेलिंग आणि मोबाईल नंबर सही करण्याआधी स्वतः वाचा. नंबर डीलरच्या पोराचा टाकलेला असतो आणि मग पुढे प्रत्येक ओटीपीसाठी त्याला फोन करत बसायचं.

खर्चाचं एक लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२१ पासून बॅटरीवरच्या गाड्यांना आरसीची सरकारी फी माफ आहे, आणि महाराष्ट्रात इलेक्ट्रिक दुचाकीला मोटार वाहन करातही सूट आहे. त्यामुळे कोटेशनमध्ये 'आरटीओ चार्जेस' म्हणून एक गोल आकडा टाकला असेल तर तो फोडून मागा, कशाचे किती. नंबर प्लेटचे असतील, हँडलिंगचे असतील, ते तसं लिहून दे म्हणायचं.

प्लेट हिरवी, खाजगी गाडीला त्यावर अक्षरं पांढरी आणि भाड्याच्या किंवा धंद्याच्या गाडीला पिवळी, हा नियम २०१८ पासून आहे. आणि प्लेट हाय सिक्युरिटीचीच. त्यावर दादा, मामा, सरकार असले आकडे बनवायचा शौक असेल तर तो घरी भिंतीवर पुरा करा.

पीयूसी लागत नाही. धूरच नाही तर तपासणार काय.

६. इन्शुरन्स

पासिंगवाल्या नवीन दुचाकीला सलग पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे. पेट्रोलच्या गाडीत सीसी बघून थर्ड पार्टीचा रेट ठरतो, इलेक्ट्रिकमध्ये मोटरच्या किलोवॅटवर ठरतो, ३ किलोवॅटपर्यंत एक, ३ ते ७ ला दुसरा, असे टप्पे आहेत. पॉलिसीवर किलोवॅट बरोबर टाकलेत का बघा. लोक इथे फसतात ते बॅटरीच्या किलोवॅट-अवरमुळे, तो वेगळा आकडा आहे, तो बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचा, मोटरशी त्याचा संबंध नाही. बॅटरी भाड्याने घेतली असेल किंवा वेगळी विकत घेतली असेल तर तुमच्या स्वतःच्या नुकसानीच्या पॉलिसीत बॅटरी धरलीय की नाही हे आधीच विचारून घ्या, कारण गाडीतली सगळ्यात महाग वस्तू तीच.

कमी स्पीडच्या गाडीला इन्शुरन्सची सक्ती नाही. पण सक्ती नाही म्हणजे जबाबदारी नाही असं नव्हे. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ हे सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे 'कुठलंही वाहन' चालवण्याबद्दल आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे आणि तिथे २५० वॅट वगैरे काही विचारत नाहीत. समोरच्या म्हाताऱ्या माणसाला धडक बसून त्याचं हाड मोडलं तर दवाखान्याचा खर्च तुमच्या खिशातून, मागे कुठली कंपनी उभी नाही. बाबांना स्वतःला लागलं तर म्हणून मी निदान एक साधी वैयक्तिक अपघात पॉलिसी घेऊन ठेवली, आणि गर्दीच्या वेळी मंडईत गाडी न्यायची नाही असं ठरवलंय (ते पाळतात असं नाही).

७. हेल्मेट आणि डबल सीट

मोटार वाहनात मोडणाऱ्या दुचाकीवर चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट, आयएसआय मार्कचं, चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला. नऊ महिने ते चार वर्षांचं मूल असेल तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा हार्नेस पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि स्पीड ताशी ४० च्या आत. ट्रिपल सीट कुठल्याच गाडीवर नाही, मधला कितीही बारीक असला तरी.

कमी स्पीडच्या गाडीला हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, पण पंचवीसच्या स्पीडला डोकं रस्त्यावर आपटलं तर रस्ता काही नरम पडत नाही. घाला.

८. कुठे न्यायची नाही

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, वांद्रे-वरळी सी लिंक, अटल सेतू, इथे दुचाकीलाच बंदी आहे, इलेक्ट्रिक असली तरी. फुटपाथवर नाही. कमी स्पीडची गाडी हायवेवर चालवणं जीवावरचं आहे, मागून ट्रक ऐंशीने येतोय आणि तुम्ही बावीसने, त्याला तुम्ही दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. गल्लीतला, गावातला रस्ता धरा, डावीकडून चला.

९. पोरांच्या हातात द्यायची का

दहावीतल्या मुलाला क्लासला जायला इलेक्ट्रिक स्कूटर, हे आता घरोघरी झालंय. खरोखर सूट असलेली, न छेडलेली कमी स्पीडची गाडी असेल तर लायसन्सचा प्रश्न येत नाही. पण पासिंगवाली गाडी असेल, किंवा पोराने मित्राकडून तो प्लग काढून घेतला असेल (आणि घेतातच, पहिल्या आठवड्यात), तर प्रकरण आई-बापावर येतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९ए वाचून ठेवा: पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही.

१६ वर्षाला चालतं असं कुणीतरी सांगेल. कायद्यात ती सवलत ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारसायकलला लिहिलीय आणि त्यालाही लायसन्स लागतंच. इलेक्ट्रिकमध्ये सीसीच नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका, अठरा पूर्ण होऊ द्या. आणि अधूनमधून सीट उचलून वायर बघत जा.

१०. जुनी घेताना, किंवा किट बसवताना

पासिंगवाली जुनी गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३० (गाडी नावावर करायचे) यांवर सह्या घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची लोनची नोंद काढायचा), आणि महाट्रॅफिक या वाहतूक पोलिसांच्या चलानच्या साईटवर गाडी नंबर टाकून थकलेली चलानं बघा, नाहीतर आधीच्या मालकाचे सिग्नल तुम्ही भरताय. इन्शुरन्सही १४ दिवसांत नावावर करून घ्यायचा अर्ज द्या. कमी स्पीडची जुनी गाडी असेल तर मूळ बिल आणि सर्टिफिकेटची कॉपी असल्याशिवाय घेऊच नका, आरसी नसल्यामुळे गाडी चोरीची नाही हे सांगायला ते बिल हाच एक कागद आहे.

जुन्या पेट्रोल स्कूटरला इलेक्ट्रिक किट बसवायचं असेल तर किट टेस्टिंग एजन्सीने मंजूर केलेलं हवं आणि आरटीओकडून आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यायला हवी. गॅरेजवाल्याने जमवलेलं किट म्हणजे बेकायदा फेरफार, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० दंड आहे.

एक मात्र जाता जाता, खाजगी हिरव्या-पांढऱ्या प्लेटवर बाईक टॅक्सीचं भाडं मारू नका. महाराष्ट्रात २०२५ मध्ये बाईक टॅक्सीचे नियम आले ते इलेक्ट्रिकसाठीच आहेत, पण लायसन्स घेतलेल्या कंपनीमार्फत.

११. रस्त्यात अडवलं तर

गाडी बाजूला घ्या, चावी काढा, हुज्जत नको. पासिंगवाली असेल तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी, लायसन्स, इन्शुरन्स दाखवा, २०१८ पासून ते चालतं. नुसता गॅलरीतला फोटो चालेलच असं नाही. कमी स्पीडची असेल तर बिल आणि सर्टिफिकेट पुढे करा आणि शांतपणे सांगा की साहेब, ही मोटार वाहनात येत नाही, हे एजन्सीचं पत्र. बऱ्याचदा हवालदाराला मॉडेल माहीत नसतो, तो साहजिकच संशय घेतो, कागद बघितला की सोडतो. चलान झालंच आणि ते चुकीचं वाटत असेल तर तिथे तावातावाने बोलण्यापेक्षा चलान नंबर घ्या, ऑनलाईन तक्रार टाका आणि सोबत त्याच दोन कागदांचे स्कॅन जोडा.